मदत हवी आहे : वळणावर रस्त्याचा उतार बाहेरच्या बाजूला, सुपरएलेव्हेशनची (वळणावर बाहेरची कड उंच ठेवण्याची) मागणी कशी मांडावी?

सप्रेम नमस्कार. मी गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एका गावात राहतो. मी अभियंता नाही, निवृत्त गणित शिक्षक आहे. आमच्या वाड्यावरून जाणाऱ्या साडेपाच मीटर रुंद रस्त्याचे उन्हाळ्यात हॉटमिक्स डांबरीकरण झाले आणि पहिल्या पावसापासून एकाच वळणावर दुचाक्या घसरू लागल्या. शेजारच्या मुलीचा हात अजून प्लास्टरमध्ये आहे, म्हणून हा विषय मला सोडवत नाही.

पुतण्याला सोबत घेऊन, गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने मी मोजमाप केले. रस्त्याच्या मधोमध खडूने आखलेल्या रेषेवर २० मीटरची दोरी ताणली, तेव्हा दोरीच्या मध्यापासून ती रेषा १ मीटर दूर भरली, म्हणजे वळणाची त्रिज्या सुमारे ५० मीटर. मध्यापासून बाहेरची कड मात्र ७ सेंटीमीटर खाली आहे. पावणेतीन मीटरमध्ये ७ सेंटीमीटर म्हणजे अडीच टक्के. सरळ रस्त्यावर पाणी निथळावे म्हणून देतात तोच कँबर (मधून दोन्ही कडांकडे उतार) ठेकेदाराने वळणावरही तसाच ठेवला आहे. बाहेरच्या साइडपट्टीची तांबडी माती धुपून डांबराची कड उघडी पडली आहे.

माझे गणित असे. वेगाच्या (ताशी किलोमीटर) वर्गाला १२७ आणि त्रिज्या (मीटर) यांच्या गुणाकाराने भागले, की येणारे उत्तर सुपरएलेव्हेशन आणि आडवे घर्षण (टायरला बाजूला घसरू न देणारे) यांच्या बेरजेइतके असावे लागते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत हे घर्षण ०.१५ आणि सपाट व चढउताराच्या प्रदेशात सुपरएलेव्हेशनची कमाल मर्यादा ७ टक्के धरली आहे. ७ टक्के दिल्यास सुरक्षित वेग ताशी ३७ किलोमीटरच्या आसपास येतो; आजच्या उलट्या उतारावर बाहेरच्या बाजूने जाणाऱ्यासाठी तो जेमतेम २८ उरतो. लोक तिथून चाळिशीने जातात आणि तेवढ्या वेगाला सध्या सुमारे ०.२८ घर्षण लागते, जे ओल्या डांबरावर गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते. या मांडणीत काही चूक असल्यास कृपया दाखवून द्यावी.

खरी अडचण पुढे आहे. ७ टक्के म्हणजे बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा सुमारे ३८ सेंटीमीटर उंच हवी. रस्ता मध्यरेषेभोवती फिरवला तर आतली कड मध्यापेक्षा १९ सेंटीमीटर खाली जाईल, आणि आतल्या बाजूला एका घराचे अंगण रस्त्याला टेकून आहे, गटार तर नाहीच. आतली कड तशीच ठेवून बाकीचा रस्ता उचलणे जास्त पावसाच्या भागात बरे, असे मी वाचले आहे. पण मग १५० मीटरला १ मीटर या दराने बाहेरची कड चढवायला जवळजवळ ५८ मीटर लांबी लागते आणि वळणापासून ३० मीटरवरच मोरी आहे.

अशा जागी अभियंते ४ किंवा ५ टक्क्यांवर थांबून वेगमर्यादेचा फलक लावतात, की कड अधिक तीव्र दराने चढवतात? सगळा उतार आत वळवल्यावर अंगणाकडे येणाऱ्या पाण्यासाठी आतल्या बाजूचे गटार याच कामात मागता येते का? ग्रामसभेत मागणी लेखी द्यायची आहे, तेव्हा प्रत्यक्ष रस्त्यावर काम केलेल्यांनी नेमके शब्द सुचवल्यास मोठे उपकार होतील.