शब्दचर्चा : ‘ओळखाधारित कूटलेखन’ चालेल का?

झुळूक : एका लेखाचं भाषांतर करतेय. ‘आयडेंटिटी-बेस्ड एन्क्रिप्शन’ला ‘ओळखाधारित कूटलेखन’ लिहिलंय, पण कानाला खटकतं. ‘ओळख’ म्हटलं की मला ‘मंत्रालयात कुणाशी ओळख आहे का?’ हेच आठवतं. शिवाय ‘पब्लिक की’ला ‘सार्वजनिक कळ’ लिहू का?

बोरूबहाद्दर : ‘कळ’ नको, ती पोटात येते. ‘जाहीर किल्ली’ लिहा. संधी खटकते कारण ‘ओळख’ तत्सम नाही, ‘आधारित’ आहे. पण मुळात इथे ओळख म्हणजे काय? एरवी जाहीर किल्ली, म्हणजे जिने कुणीही आपल्यासाठी संदेश कुलूपबंद करू शकतो ती, ही आकड्यांची लांबलचक माळ, आणि ती अमक्याचीच आहे याला प्रमाणपत्र लागतं. कूटलेखनतज्ज्ञ अदी शमीर यांनी १९८४ साली सुचवलं की माणसाचं नाव, पत्ता, फोन नंबर हीच किल्ली धरा. ‘सुनीता@कार्यालय’ एवढं ठाऊक असलं की संदेश कुलूपबंद करून पाठवता येतो, सुनीताबाईंनी तो उघडायची स्वतःची किल्ली अजून घेतलेली नसली तरी. म्हणून ‘ओळखखूण’ म्हणा.

झुळूक : म्हणजे १९८४ पासून वापरात?

बोरूबहाद्दर : छे. शमीरना तेव्हा फक्त डिजिटल सहीची पद्धत बसवता आली. संदेश कुलूपबंद करण्यासाठी २००१ उजाडलं. बोने आणि फ्रँकलिन या संशोधकांनी ते एका वाटेने सोडवलं, क्लिफर्ड कॉक्स यांनी त्याच वर्षी दुसऱ्या.

आडनाव_नको : माझं भांडण ‘खासगी किल्ली’शी, म्हणजे संदेश उघडायच्या किल्लीच्या नावाशी आहे. नेहमीच्या पद्धतीत ती आपली आपण बनवतो, कुणाला दाखवत नाही. इथे एक केंद्र असतं. ते आपल्या मूळ गुपितातून प्रत्येकाची किल्ली काढून देतं, म्हणजे मनात आणलं तर कुणाचाही संदेश उघडू शकतं. मग खासगी कसली? ‘केंद्राने दिलेली किल्ली’ लिहा, लांब झालं तरी. कचेरीत हे खपून जाईल, तिथे साहेबांना तसंही सगळं वाचायचं असतं. खबऱ्याशी बोलणाऱ्या पत्रकाराने मात्र या वाटेला जाऊ नये.

झुळूक : आणि किल्ली चोरीला गेली तर? बाईंनी नाव बदलायचं?

बोरूबहाद्दर : त्यावर बोने-फ्रँकलिननीच तोड सांगितली आहे. पत्त्याला वर्ष किंवा तारीख जोडायची : ‘सुनीता@कार्यालय-२०२५’. वर्ष सरलं की केंद्राकडून नवी किल्ली. रोजची तारीख घातली तर किल्लीही रोज नवी, म्हणजे केंद्रापुढे रोज रांग.

झुळूक : मग ‘ओळखखुणेवर आधारित कूटलेखन’ पक्कं करते. ‘खासगी’ शब्द एकदाच येईल, अवतरणचिन्हांत, आणि लगेच केंद्राचा खुलासा.

आडनाव_नको : खुलासा त्याच वाक्यात हं, तळटिपेत नको.