ताप येऊन गेलाय, कॅन्सरचं ऑपरेशन लगेच करायचं का थांबायचं?

कळंब्याची लेक
काल इथं एकानं लिहिलं, "सर्दी-तापाचं कारण सांगून कॅन्सरचं ऑपरेशन पुढं ढकलणारे डॉक्टर भित्रे, सरळ दुसरं हॉस्पिटल गाठा." वाचल्यापासनं डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहिते.
आईच्या उजव्या स्तनात गाठ, गुरुवारची तारीख ठरलेली. नऊ दिवस आधी फ्लू झाला. ताप तीन दिवसांत उतरला पण खोकला राहिला. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला, दोन मिनिटं ऐकत राहिले आणि म्हणाले, "छातीत अजून सूं सूं वाजतंय, आता नको." तीन आठवडे थांबा. मी तिथं पॅसेजमध्येच रडले, भांडलेसुद्धा. मग त्यांनी नीट बसवून सांगितलं की व्हायरल झाल्यावर श्वासनलिका काही आठवडे चिडलेल्या राहतात, भुलीसाठी घशात नळी घातली की एकदम आवळू शकतात, नंतर न्यूमोनिया झाला तर पुढची केमोपण लांबते. गाठ हार्मोनवर वाढणारी होती म्हणून तेवढ्या दिवसांसाठी गोळी सुरू केली. रोज रंकाळ्यावर चालवलं, श्वासाच्या व्यायामाचं ते तीन चेंडूंचं यंत्र दिलेलं, पहिल्या दिवशी एकच चेंडू कसाबसा हलला, शेवटच्या आठवड्यात दोन वर गेले. ऑपरेशन झालं, पाचव्या दिवशी घरी. तो डॉक्टर भित्रा का?

पैलवान_गंगावेस
ताई, तुमच्या आईचं चांगलं झालं, आनंद आहे. पण ती काल लिहिणारी व्यक्ती मीच. माझ्या वडिलांचं ऐका. जिभेच्या कडेला फोड, तपासणीत कॅन्सर. जानेवारी २०२२, कोविड पॉझिटिव्ह. दोन दिवस घसा दुखला, तिसऱ्या दिवशी माणूस म्हशीची धार काढायला गोठ्यात. तरी हॉस्पिटलचं एकच पालुपद, सात आठवडे. का तर नियम. सुरुवातीला मसुरीएवढा फोड, सातव्या आठवड्यात सुपारीएवढा, आणि मानेत गाठ हाताला लागायला लागली. आधी नुसता जिभेचा तुकडा काढायचं बोलणं होतं, नंतर शेक (रेडिएशन) पण घ्यावे लागले. वडील आता नाहीत. २०२०च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलंय, चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्के वाढतो. त्यामुळं मला तुमचं शांतपणे थांबा सांगू नका.

ओटी_सिस्टर
मी बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. दोघांचं ऐकून सांगते. सात आठवड्यांचा आकडा आला तो ११६ देशांतल्या १ लाख ४० हजारांवर पेशंटच्या अभ्यासातनं, ऑपरेशनं ऑक्टोबर २०२० मधली, म्हणजे लस यायच्या आधीची. कोविड न झालेल्यांत महिन्याभरात दीड टक्का दगावले, कोविडनंतर सहा आठवड्यांच्या आत ऑपरेशन केलेल्यांत चार टक्क्यांच्या आसपास. पण ज्यांना सात आठवड्यांनंतरही दम-खोकला होता त्यांच्यात सहा टक्के! म्हणजे नुसते आठवडे मोजून भागत नाही, पेशंट जिना चढताना बोलू शकतो का ते बघावं लागतं. लस आणि ओमिक्रॉननंतर धडधाकट माणसाला इतकं थांबवत नाहीत. आणि पैलवान, ते ६ ते ८ टक्के म्हणजे शंभरात सहा माणसं जास्त असं नाही, असतो त्या धोक्यात तेवढी भर.
डेंगीचं अजून वेगळं, तिथं प्लेटलेट सावरल्याशिवाय सुरी लावायची नाही.
कळंब्याच्या ताई, ते यंत्र फुंकायचं नसतं, ओढायचं असतं, निम्मे पेशंट फुंकतात.

कळंब्याची लेक
ओढायचंच सांगितलेलं, आई तसंच करायची.

शाहूपुरी_कट्टा
तुमचे आठवडे चालू द्या, पण मुळात ताप येतो कुठनं ते कुणी बोलत नाही. आमच्या काकूच्या ऑपरेशनआधी घरात रांग लागली बघायला येणाऱ्यांची. सफरचंदं, शहाळी, बिस्किटांचे पुडे. एक मावशी खोकत खोकत उशाशी बसून "काय नाही हुत गं" म्हणून तोंडावरनं हात फिरवून गेल्या. चौथ्या दिवशी काकूला ताप, तारीख गेली.

पैलवान_गंगावेस
मग काय दारावर पाटी लावायची? माणसं येणारच. आमच्या आत्या गडहिंग्लजवरनं दोन एसट्या बदलून आल्या, त्यांना उंबऱ्यावरनं परत पाठवू?

शाहूपुरी_कट्टा
होय, पाठवायचं. खोकला असेल तर सख्ख्या बहिणीलापण. प्रेम आहे तर फोन करा.

पैलवान_गंगावेस
तुम्हाला माणसं जड झाली असतील. वडील शेवटच्या महिन्यात बोलू शकत नव्हते, पाटीवर लिहायचे. आत्या आल्या त्या दिवशी त्यांनी लिहिलं, "जेवून जा." ते हिशोबात कुठं बसवता?

निवृत्त_मास्तर_राजारामपुरी
पांढरा रस्सा पाजून ताकद आणा म्हणून आग्रह करणारेही तेवढेच. माझ्या पत्नीला उलट्या होत असताना वाटी पुढं केलेली मी बघितलीय. बघायला येणं बंद करा असं मी म्हणणार नाही, खिडकी उघडी, मास्क, दहा मिनिटं, एवढं तरी. आमच्यात ते सांगायची हिंमत सुनेला नसते, ते घरातल्या पुरुषांनी सांगायला पाहिजे.

ओटी_सिस्टर
मास्तरांना शंभर टक्के. आणि पैलवान, रागवू नका, पण मानेतली गाठ त्या सात आठवड्यांतच आली का आधीपासनं बारीक होती, हे कुणी सांगू शकणार नाही.

पैलवान_गंगावेस
तुम्ही नका सांगू. रोज टॉर्च लावून तोंडात बघणारा मी होतो.

ओटी_सिस्टर
मान्य. चुकलं माझं, असं बोलायला नको होतं. आणि जिभेच्या कॅन्सरला, लक्षणं गेलेल्या माणसाला, आकडा दाखवून थांबवलं असेल तर ते मलाही पटत नाही. सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकत्र बसून त्या माणसापुरतं ठरवायचं असतं.

कळंब्याची लेक
पैलवानदादा, तुमच्या वडिलांचं माहीत असतं तर मी पहिल्याच वाक्यात एवढं तोडून लिहिलं नसतं. पण "दुसरं हॉस्पिटल गाठा" वाचून कुणी खोकला लपवून टेबलावर जाऊ नये, एवढंच मला म्हणायचंय.

पैलवान_गंगावेस
लपवू नये, ते खरं. भित्रे हा शब्द मागं घेतो. बाकीचं घेत नाही. थांबायला सांगितलं तर का, किती, आणि तोवर गाठीसाठी काय करणार, हे तिथंच विचारायचं. आम्ही विचारलं नाही. मान हलवून घरी आलो.