साथीनंतर वडिलांचे घराबाहेर पडणे जवळजवळ बंद झाले आहे

प्रश्न: मंगळवार पेठकर

सर्वांना नमस्कार. माझे वडील सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत उमेदीची सगळी वर्षे काढून ते निवृत्त झाले, आणि त्यानंतर त्यांचा दिवस अगदी ठरून गेलेला होता. पहाटे रंकाळ्याला फेरी, येताना तालमीच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचून होईपर्यंत बैठक, संध्याकाळी गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला, आणि हंगाम असेल तेव्हा शाहू स्टेडियमवर फुटबॉल. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हे सगळे एका दिवसात थांबले. त्याचे कोणालाच नवल वाटले नाही, कारण सगळ्यांचेच थांबले होते. नवल याचे वाटते की पुढे अंबाबाईचे मंदिर उघडले, सामने सुरू झाले, लग्ने पूर्वीसारखी गर्दीत लागू लागली, तरी वडिलांचा दिवस काही पुन्हा सुरू झालेला नाही.

मधल्या काळात एक गोष्ट घडली. २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, माझे थोरले चुलते गेले. दवाखान्यातून फोन आला, पंचगंगा स्मशानभूमीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी अंत्यविधी उरकला आणि वडिलांना भावाचे तोंडही पाहता आले नाही. वर्तमानपत्रात निधनाची बातमी दिली तेव्हा तिच्याखाली ‘रक्षाविसर्जन घरगुती स्वरूपात’ अशी ओळ छापावी लागली. ती ओळ वडिलांनीच मला सांगून लिहून घेतली होती. लगेच जुलैमध्ये पंचगंगेला पूर आला, चुलत्यांच्या घरात पाणी शिरले आणि सामान हलवण्याच्या धावपळीत कोणाला रडायलाही सवड मिळाली नाही.

आता ते दुपारी बराच वेळ झोपतात आणि रात्री दोन वाजेपर्यंत जागे असतात. सकाळी वर्तमानपत्र आले की आधी निधनवार्तांचे पान उघडतात. कोणाच्या कार्याला जायचे ठरले की आदल्या दिवशीच छातीत भरून येते, दम लागतो, असे सांगतात. ईसीजी आणि टू-डी इको या हृदयाच्या तपासण्या मात्र व्यवस्थित आहेत. पूर्वी कधी आवाज न चढवणारा माणूस आता भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट बाजूला सारतो. आई सांभाळून घेते. नातेवाईक ‘वय झालं’ म्हणून विषय संपवतात, आणि मानसोपचारतज्ज्ञांचे नाव काढले तर ‘मला वेड लागलंय का?’ असा उलट प्रश्न येतो. हे खरोखर वयामुळे आहे, की साथीने केलेला परिणाम इतकी वर्षे टिकू शकतो? आणि त्यांना बाहेर काढण्यासाठी आग्रह धरावा की त्यांच्या कलाने घ्यावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: समुपदेशक, ताराबाई पार्क

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करतो. माणसाला समोर बसवून बोलल्याशिवाय निदान करू नये, म्हणून पुढील मजकूर केवळ दिशा दाखवण्यापुरता समजावा.

परिणाम इतकी वर्षे टिकू शकतो का, याचे उत्तर होय असे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार साथीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंताविकार आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, आणि त्याची झळ तरुणांना व स्त्रियांना अधिक बसली. आपल्याकडे तर साथ येण्याआधीपासूनच उपचारांची वानवा होती. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले होते की वेगवेगळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. त्यामुळे ‘मला वेड लागलंय का?’ हा प्रश्न विचारणारे आपले वडील एकटे नाहीत, हे आधी ध्यानात घ्यावे.

पहिली गोष्ट शरीराची. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ जीवनसत्त्व आणि साखर या तपासण्या झाल्या नसतील तर त्या आधी करून घ्याव्यात, कारण यातल्या कशातही बिघाड असला तर थकवा, चिडचिड आणि उदासी येऊ शकते. त्यांना स्वतःला कोविड झाला होता का, हे आपण लिहिलेले नाही. झाला असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे, कारण काहींना कोविडनंतर दीर्घकाळ थकवा, दम लागणे आणि लक्ष न लागणे असे त्रास राहतात. या वयात विसरभोळेपणा नव्याने दिसू लागला असेल तर तोही लपवू नये.

दुसरी गोष्ट टाळण्याच्या सवयीची. कार्याला जायचे ठरले की छाती भरून येते, मग जाणे रद्द होते, आणि रद्द होताक्षणी त्यांना मोकळे वाटते. ही सुटका तात्पुरती असली तरी मन त्यातून एक धडा घेते: घरी राहिलो म्हणून वाचलो. पुढच्या खेपेला भीती आणखी लवकर येते. टाळेबंदीत घरी राहणे हेच शहाणपण होते, म्हणून ही सवय लागली यात त्यांचा काही दोष नाही. पण कारण संपले तरी सवय आपली आपण मोडत नाही. तिच्यावर उपाय म्हणजे पायरीपायरीने बाहेर पडणे. रविवारी संध्याकाळी महाद्वार रोडच्या गर्दीत नेऊन उभे करणे ही पहिली पायरी नव्हे. सकाळी गर्दी नसताना गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जावे, धडधड सुरू झाली तरी तिथेच थांबावे, ती थोडी ओसरली की मगच परतावे, आणि हे रोज करावे. धडधड टिपेला असतानाच घरी परतले तर भीती उलट पक्की होते, म्हणून सोबत जाणाऱ्याला हे आधी समजावून सांगावे लागते. म्हणजे आग्रह हवा, पण त्याचे माप लहान हवे.

झोपेसाठी रात्री लवकर निजवण्याचा खटाटोप करू नये. उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवावी, उठल्यावर अर्धा तास गच्चीत किंवा अंगणात उजेडात बसावे आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर आणावी.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे आपल्या चुलत्यांचे जाणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, लांबलेल्या शोकाला स्वतंत्र विकार म्हणून स्थान मिळाले आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ, आपल्या रीतीभातीत जेवढा शोक अपेक्षित असतो त्याच्या पलीकडे, गेलेल्या माणसाची ओढ किंवा त्याचाच विचार मन व्यापून राहिला आणि त्यामुळे रोजचे व्यवहार अडले, तर त्याचा विचार केला जातो. वडिलांना तो आहेच असे मी म्हणत नाही. पण निधनवार्तांचे पान आधी उघडणारा माणूस केवळ विषाणूला घाबरतो आहे, असे मला वाटत नाही.

आणि एक गोष्ट थांबण्यासारखी नाही. ‘आता जगून काय करायचे’ अशा अर्थाचे बोलणे, अन्नपाणी सोडणे, किंवा अचानक निरवानिरवीची भाषा यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत असते आणि तिथे मराठीत बोलता येते. रुग्ण तयार नसेल तर घरच्या माणसानेही फोन केलेला चालतो.

उत्तर: गच्चीवरची बाग

माझी आई त्याच मे महिन्यात गेली. कोल्हापुरात माणूस गेला तर गल्ली गोळा होते, शेणी आणि लाकडाची सोय महापालिका मोफत करते, तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जनाला अख्खी भावकी आणि मित्रमंडळी येऊन नदीवर उभी राहतात आणि घरातल्यांना काही सुचत नसले तरी आजूबाजूची माणसे त्यांना पुढे ढकलत नेतात. यातले काहीही आमच्या वाट्याला आले नाही. मी आणि माझा भाऊ, दोघेच, तोंडाला मास्क लावून नदीवर गेलो आणि परत आल्यावर आधी कपडे बादलीत टाकले. कोणी भेटायला आले नाही, आणि कोणी येऊ नये अशीच आमचीही इच्छा होती.

‘झाले गेले विसरून जा’ असे मला अनेकांनी सांगितले. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो वर्षश्राद्धाला. तोपर्यंत निर्बंध उठले होते, म्हणून आम्ही माहेरची, सासरची, आईच्या भिशीतली, तिच्या शाळेतली अशी सगळी माणसे बोलावली. जेवणानंतर कोणी उठेना. तिच्या भिशीतल्या मैत्रिणीने ती चिठ्ठ्यांत कशी लबाडी करायची हे सांगितले तेव्हा मी वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने हसले, आणि मग रडले. आपल्या चुलत्यांसाठी असे काही झाले आहे का? झाले नसेल तर अजूनही करता येईल. विधी धार्मिकच हवा असे नाही, पण माणसे मात्र हवीत.

उत्तर: जुना बावडेकर

थोडे स्पष्ट लिहितो, राग मानू नये. अलीकडे गुडघा दुखला तरी लोक कोरोनाचे नाव पुढे करतात. निवृत्ती, मित्रांचे एकेक करून जाणे, मुलांचे दिवसभर लॅपटॉपपुढे बसणे आणि रस्त्यावरची वाहतूक, ही कारणे २०२० च्या आधीही होती. मीही सत्तरी ओलांडली आहे आणि संध्याकाळी घराबाहेर पडायला मलाही नको वाटते, त्याला कारण वाहने आहेत.

मात्र एक फरक मला मान्य करावा लागतो. शाहू महाराजांच्या काळातल्या प्लेगच्या गोष्टी आमच्या घरी आजी सांगत असे. तेव्हा लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले. हाल पुष्कळ झाले, पण शेजारी झोपडीतही शेजारीच राहिला. या वेळी रोगच असा होता की शेजाऱ्यालाच टाळावे लागले. माणसाचा धीर ज्या गोष्टीवर उभा असतो तीच धोक्याची ठरली, आणि म्हाताऱ्या माणसांनी हे जास्त मनावर घेतले असावे.

उत्तर: फक्त वाचक

मी शक्यतो लिहीत नाही, पण इथे एक गोष्ट सुटली आहे असे वाटले. संपूर्ण प्रश्नात आईविषयी एकच वाक्य आहे: ‘आई सांभाळून घेते.’ त्या काय सांभाळून घेतात? पहाटे चार तास जो माणूस घराबाहेर असायचा तो आता चोवीस तास घरात आहे, त्याचा चहा, औषधे, चिडचिड आणि रात्रीचे जागरण हे सगळे त्यांच्याच वाट्याला आले आहे. त्यांचा दीरही त्याच वेळी गेला, पुराचे पाणीही त्यांनीच काढले असेल. साथीची झळ स्त्रियांना जास्त बसली असे वर समुपदेशकांनी लिहिले आहे, ते असे घराघरांत घडले. कामे वाढली, आणि भजनी मंडळ, हळदीकुंकू, बाजारात जाता जाता होणारे बोलणे या ज्या चार मोकळ्या जागा होत्या त्या गेल्या. आई घराबाहेर शेवटच्या कधी पडल्या, किराणा आणि दवाखाना सोडून, हे एकदा पाहावे.

मंगळवार पेठकर (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आईविषयीची सूचना वाचून मी काल तिच्याशी बोललो. साथीपूर्वी ती दर गुरुवारी दोन मैत्रिणींसोबत अंबाबाईच्या दर्शनाला जात असे, ते तिने वडिलांना एकटे ठेवायला नको म्हणून सोडून दिले आहे. या गुरुवारी मी घरून काम करणार आहे आणि ती जाणार आहे.

वडिलांना मी थेट विचारले की भीती कशाची वाटते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “कट्ट्यावर आता आहे कोण?” नंतर त्यांनी नावे घेतली. त्या बैठकीतले बरेचसे जण २०२० आणि २०२१ मध्येच गेले आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही मातीला वडिलांना जाता आले नव्हते. आम्ही इतके दिवस त्यांना ‘कट्ट्यावर जाऊन बसा, बरे वाटेल’ असे सांगत होतो. बी-१२ ची तपासणी उद्या आहे. त्यांना स्वतःला कोविड झाला नव्हता. मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्याविषयी मात्र अजून नकारच आहे, त्याला काय करावे?

उत्तर: समुपदेशक, ताराबाई पार्क

हे बोलणे झाले ते फार चांगले झाले. आता कट्टा ही पहिली पायरी ठेवू नये, ती शेवटच्या पायऱ्यांपैकी एक असेल. त्या बैठकीतले जे हयात आहेत त्यांच्यापैकी एकाला आधी घरी चहाला बोलवावे. तोही बहुधा अशाच अवस्थेत असेल. मग दोघांनी मिळून एखाद्या गेलेल्या मित्राच्या घरी जाऊन यावे. हे भेटणे तेव्हा राहून गेले होते, आणि इतक्या उशिराने गेले तर लोक काय म्हणतील असा संकोच वाटेल, पण त्या घरांतली माणसेही कोणी येण्याची वाट पाहत असतात असा माझा अनुभव आहे. चुलत्यांच्या घरीही त्यांना न्यावे.

तज्ज्ञांकडे नेण्यासाठी आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांची मदत घ्यावी. बी-१२ चा अहवाल दाखवायला जाल तेव्हा डॉक्टरांना आधी फोन करून सगळे सांगून ठेवावे, म्हणजे झोपेचा विषय तेच काढतील. ‘झोप लागत नाही, त्यासाठी एका डॉक्टरांना दाखवू’ हे आपल्या वडिलांच्या पिढीला पटते, आणि त्यात खोटेही काही नाही. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. औषध सुरू झालेच तर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी फरक जाणवू लागतो. सुरुवातीला काहीच होत नाही म्हणून किंवा नंतर बरे वाटले म्हणून ते मनाने बंद करू नये. औषधाच्या दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या आणून देण्याचा मोह टाळावा, कारण या वयात त्यांनी तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांकडे जाताना ईसीजी आणि टू-डी इकोचे अहवाल सोबत न्यावेत, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत.