मदत हवी आहे: सासरचं चेरोकी कार्ड शिष्यवृत्तीला चालत नाही म्हणतात

अनघा_स
लवकर उत्तर हवंय, मुदत अगदी तोंडावर आली आहे. लेकीचं यंदा हायस्कूलचं शेवटचं वर्ष. नवऱ्याच्या घरी सगळ्यांकडे चेरोकी (अमेरिकेतली मूळनिवासी जमात) सदस्यत्वाचं कार्ड आहे, तिचंही आहे. नेटिव्ह मुलांच्या एका शिष्यवृत्तीला ते जोडलं, तर "ग्राह्य नाही" एवढीच ओळ लिहून अर्ज परत. फोन केला तर सीडीआयबी, म्हणजे इंडियन रक्ताच्या अंशाचा सरकारी दाखला, मागतात. कार्डावर शिक्का आहे, क्रमांक आहे, फोटो आहे. आणखी काय हवं? हे सीडीआयबी कुठून काढायचं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा प्लीज.

देशमुख_टल्सा
कार्ड कुणाचं ते लिहिलंच नाहीत. चेरोकी नेशन, युनायटेड कीटूवा बँड की ईस्टर्न बँड? फेडरल, म्हणजे अमेरिकेचं केंद्र सरकार चेरोकींच्या या तीनच जमाती मानतं. पहिल्या दोन्हींचं ठाणं ओक्लाहोमात टालेक्वाला, तिसरी नॉर्थ कॅरोलायनात. आणि तुम्ही राहता कुठे?

शरयू_एटीएल
डीएनए टेस्ट करून घ्या. आमच्या शेजाऱ्यांनी केली, घरबसल्या किट येतं. टक्केवारीच हातात आली की कुणी नाही म्हणू शकत नाही.

देशमुख_टल्सा
शरयूताई, कृपा करून हा सल्ला नको. या तिघांपैकी एकही जमात डीएनएवर नागरिकत्व देत नाही. चेरोकी नेशनला तुमचा थेट पूर्वज डॉज रोलवर लागतो, म्हणजे १८९८ ते १९०६ च्या नोंदवहीत. रक्ताच्या टक्केवारीची अटच नाही. ईस्टर्न बँडला १९२४ च्या बेकर रोलवरचा पूर्वज आणि किमान एक सोळांश रक्त लागतं, कीटूवांना एक चतुर्थांश. सगळं कागदावर चालतं.

अनघा_स
आम्ही अलाबामात. कार्ड इथल्याच जमातीचं, स्टेट रेकग्नाइज्ड आहे. सरकारमान्य म्हटल्यावर सरकारमान्यच ना? सासरे वर्षानुवर्षं सभांना जातात. जमातीचं नाव इथे लिहीत नाही, छोटी जागा आहे, ओळखीचे लोक वाचतात.

नीलिमा_जो
इथेच गाडं अडलंय. राज्याची मान्यता वेगळी, फेडरल वेगळी. अलाबामाने १९८४ च्या कायद्याने इंडियन अफेअर्स कमिशन नेमलं. राज्याच्या यादीत नऊ जमाती आहेत. त्यांतली फेडरल मान्यता फक्त पोर्च क्रीकना आहे, तीही १९८४ चीच. सीडीआयबी बीआयए, म्हणजे फेडरल सरकारचा ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्स देतो आणि ते फेडरल जमातीच्या रोलवरूनच निघतं. तुमच्या कार्डावर ते निघणार नाही, त्यामागे धावू नका. इंडियन हेल्थ सर्व्हिसचे दवाखानेही सहसा त्यावर मिळत नाहीत.

पण कार्ड कचरा आहे असंही कुणी सांगितलं तर ऐकू नका. शाळांसाठी टायटल सिक्स म्हणून कार्यक्रम आहे, त्याच्या ५०६ फॉर्ममध्ये राज्यमान्य जमातीचा सदस्य धरतात. तो शाळेत भरून द्यायचा, पैसे शाळांना मिळतात, मुलीच्या हातात नाही. आणि इंडियन कलावस्तूंच्या विक्रीसाठीच्या १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायद्यातही राज्यमान्य जमाती येतात.

अनघा_स
हे दुसरं महत्त्वाचं आहे! सासूबाई रिव्हर केनच्या (बांबूसारखं गवत) टोपल्या करतात. केन चिरून, सोलून, ब्लडरूट या वनस्पतीच्या रंगात लाल आणि अक्रोडाच्या सालीत काळपट रंगवून दुहेरी विणीत घालतात. आतली टोपली वर येऊन काठावर वळते आणि तीच बाहेरची होते, कुठेही जोड दिसत नाही. जत्रेत त्या विकायला घाबरतात, कुणीतरी दंडाचं सांगितलं होतं.

नीलिमा_जो
त्यांची जमात राज्याच्या अधिकृत यादीत असेल आणि त्या स्वतः सदस्य असतील तर घाबरायचं कारण नाही. दंड खोटं "इंडियन मेड" म्हणून विकणाऱ्याला आहे. पहिल्या गुन्ह्यालाच व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद. जमातीचं पूर्ण नाव लेबलवर लिहावं, नुसतं "चेरोकी" नको.

देशमुख_टल्सा
कायद्याने चालेल, पण इथल्या चेरोकींना ते चालत नाही हेही अनघाताईंना कळलं पाहिजे. मी टल्सात राहतो, ऑफिसातल्या कितीतरी गाड्यांवर चेरोकी नेशनच्या नंबरप्लेट आहेत. त्यांचं स्वतःचं सरकार आहे, न्यायालयं आहेत, साडेचार लाखांवर नागरिक आहेत. २०२० च्या जनगणनेत स्वतःला चेरोकी लिहिणारे पंधरा लाखांच्या घरात होते. मधले सगळे कोण? चेरोकी नेशन आणि ईस्टर्न बँड यांच्या संयुक्त सभेने २००८ साली फेडरल मान्यता नसताना चेरोकी म्हणवणाऱ्या गटांविरुद्ध ठरावच केला. त्यांचं नाव, त्यांचा इतिहास दुसऱ्याने वापरायचा आणि मान्यता द्यायची राज्याच्या विधिमंडळाने, हे त्यांना का सहन व्हावं? आणि ती राज्यं कुठली, तर ज्यांनी त्यांना त्यांच्या मुलखातून पश्चिमेला हाकललं ती. जॉर्जियाने १९९३ साली चेरोकी नावाच्या गटांना मान्यता दिली. त्याच जॉर्जियाने १८३२ चा वूस्टर खटल्याचा, चेरोकींच्या बाजूचा सुप्रीम कोर्टाचा निकाल धुडकावून त्यांच्या जमिनी लॉटरीत वाटल्या होत्या.

रानवाटा
सगळेच हाकलले गेले नव्हते. १८३८ मध्ये डोंगरात लपलेले, गोऱ्यांत लग्न झालेले, जनगणनेत भीतीपोटी गोरे लिहिले गेलेले लोक होते. डॉज रोलला इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात राहणं आवश्यक होतं, मग अलाबामात राहिलेल्याचं नाव त्यात येणार कसं? फेडरल मान्यतेच्या सात निकषांत १९०० पासून ओळखला जाणारा सलग समाज दाखवावा लागतो. गरीब, विखुरलेल्या लोकांनी ती कागदपत्रं कुठून आणायची?

देशमुख_टल्सा
राहिलेल्यांच्याही याद्या आहेत हो. १८३५ चा हेंडरसन रोल हाकलण्याआधीचा, नंतर मलय, सायलर, चॅपमन. ईस्टर्न बँड म्हणजे राहिलेल्यांचीच जमात. चेरोकींइतकी कागदावर चढलेली जमात शोधून सापडणार नाही.

पाटील_नाशिक
हे वाचून आमच्या भाच्याचं व्हॅलिडिटी प्रकरण आठवलं. कोळी महादेव. समितीकडे पुरावे देऊन चपला झिजल्या. आपल्याकडे हलबा कोष्टींचा अनुसूचित जमातीचा दावा २००० साली सुप्रीम कोर्टाने मिलिंद खटल्यात नाकारला, ते सर्वांना माहीत आहेच. कुणाला ॲफिनिटी टेस्टबद्दल (जमातीच्या चालीरीतींशी नातं तपासणारी चाचणी) २०२३ चा निकाल माहीत आहे का? ती एकमेव कसोटी नाही असं कोर्ट म्हणालं, पण समिती ऐकत नाही.

नीलिमा_जो
पाटीलकाका, वेगळा धागा काढा ना, तिथे नक्की लिहिते. तुलना मात्र एका ठिकाणी तुटते. आपल्याकडे यादी राष्ट्रपतींच्या आदेशाची, ३४२ कलमाखाली बदलायची ती संसदेने, आणि माणूस त्यात बसतो का हे समिती ठरवते. तिथे फेडरल जमात आपले सदस्य आपण ठरवते, सुप्रीम कोर्टाने १९७८ च्या सांता क्लारा प्वेब्लो खटल्यात त्यात हात घातला नाही. म्हणून तिथे "मी चेरोकी आहे" याला "कोणत्या नेशनचा नागरिक?" हाच पुढचा प्रश्न असतो.

अनघा_स
सासऱ्यांना हे सांगायचं कसं हा माझ्यापुढे खरा प्रश्न आहे. ते खोटं बोलणारे नाहीत. त्यांच्याकडे आजीच्या चेरोकी अर्जाची प्रत आहे, १९०७ ची, वर क्रमांकही आहे. यावर चेरोकी नेशनमध्ये काही होईल?

देशमुख_टल्सा
हे आधी सांगायचं! तो गायन मिलर या अधिकाऱ्याने केलेल्या यादीसाठीचा अर्ज असणार. कोर्ट ऑफ क्लेम्सने (सरकारवरच्या दाव्यांचं कोर्ट) पूर्वेकडल्या चेरोकींना पैसे मंजूर केले तेव्हा पंचेचाळीस हजारांवर अर्ज आले, यादीत बसली सुमारे तीस हजार माणसं. तुमच्या प्रतीवरचा क्रमांक अर्जाचा आहे. अर्ज केला म्हणजे मंजूर झाला असं नाही. नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये नावाने शोधा, ॲडमिटेड आहे की रिजेक्टेड ते कळेल. मंजूर निघाला तरी नागरिकत्वाला डॉज किंवा बेकरच लागतो, पण घराण्याचा धागा तरी पक्का होईल. आजींचं लग्नाआधीचं नाव आणि काउंटी काय?

शरयू_एटीएल
मग डीएनए नकोच का?

नीलिमा_जो
नको. अनघाताई, त्या शिष्यवृत्तीचा अर्ज आता सोडून द्या. कॉलेजच्या अर्जात जमातीचा रकाना भरायचा असेल तर जमातीचं पूर्ण नाव आणि "अलाबामा राज्यमान्य" असं स्पष्ट लिहा. नुसतं चेरोकी लिहिलंत तर उद्या मुलीवर बालंट येईल.

अनघा_स
तसंच लिहिते. ५०६ सोमवारी शाळेत देते. आजींचं माहेरचं नाव सासूबाईंना विचारते, काउंटी बहुतेक डीकाल्ब. जॉर्जियातही डीकाल्ब आहे ना? नक्की कुठली ते त्यांनाच विचारून लिहिते.