सी-२०३ च्या गाडीचा पिवळा दिवा

सी-२०३ : गाडीचे बिघाडाचे कोड वाचायचा, वर्गणीतून घेतलेला तो स्कॅनर कुणाकडं आहे? इंजिनचा दिवा परत लागलाय. शोरूमवाले म्हणतात प्लगला ठिणगी देणाऱ्या चारही कॉइल बदला, वर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आकडा अजून बायकोला सांगितला नाही.

ए-१०१ वहिनी : भाऊजी, ती याच ग्रुपवर आहे.

बी-३०४ काका : बॅटरीची मायनस वायर काढा. १५ मिनिटं ठेवा. परत लावा. दिवा जातो.

ए-४०२ सर : दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय?

सी-२०३ : विजापूर रोडला पिकअप मागितला की लुकलुकतो, गाडी धक्के मारते. मग स्थिर.

ए-४०२ सर : मग चालवू नका. मिसफायर जोरात होतोय, म्हणजे सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तो इतका तापतो की आतली जाळी वितळते. मग खरंच बदलावा लागेल.

बी-३०४ काका : बॅटरीची मायनस वायर काढा. १५ मिनिटं ठेवा.

ए-४०२ सर : काका, दिवा जाईल, दोष कुठं जातोय? उलट बऱ्याच गाड्यांत कोड पुसला जातो. कितीच्या स्पीडला, इंजिन किती गरम असताना बिघडलं, ती नोंदही जाते.

बी-३०४ काका : आमच्या गाडीचा गेला होता.

ए-१०१ वहिनी : स्कॅनर गणपतीपासून बी विंगमध्येच आहे.

बी-१०२ : आम्ही परत केलाय. रजिस्टर ठेवा म्हणून मीटिंगमध्ये कोण बोंबलत होतं, आठवतंय ना?

सेक्रेटरी : कृपया वैयक्तिक आरोप टाळावेत. 🙏

बी-१०२ : आरोप कोण करालंय ओ? उत्तर देतोय.

सी-२०३ : मिळाला. वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या पावतीपुस्तकांखाली. कोड दोन : पी०३०१ आणि पी०४२०.

सी-१०४ : चारशेवीस 😂 हा शोरूमवाल्यांनी स्वतःचा टाकला काय बे?

ए-४०२ सर : ४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही. पण मिसफायर चालू असताना त्यावरून निकाल लावू नका. आधी ३०१, म्हणजे एक नंबर सिलेंडरचा मिसफायर. इंजिन थंड झाल्यावर एकची कॉइल दोनवर टाका, दोनची एकवर. कोड पुसून फेरी मारा. ३०२ आला तर कॉइल गेली, ३०१ च राहिला तर कॉइलचा दोष नाही. मग तसाच प्लग तीनवर टाकून बघा.

डी-२०१ : पाणी आज येणार आहे का कुणी सांगेल का?

सेक्रेटरी : उद्या. आज टँकर.

सी-२०३ : दोन्ही करून सात रस्त्यापर्यंत जाऊन आलो. ३०१ च.

सी-१०४ : म्हणजे शोरूमवाले चार कॉइल उगाच गळ्यात मारत होते 👏

ए-४०२ सर : आता एक नंबर इंजेक्टरची, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या नळीची, वायर बघा. कनेक्टरपासून मागं बोट फिरवत जा.

सी-२०३ : फोटो टाकलाय. वायरचं आवरण कुरतडलंय, तांबं उघडं. आणि एअर फिल्टरच्या डब्याखाली शेंगांची टरफलं! मूठभर!

ए-४०२ सर : उंदीर. वायर पूर्ण तुटली असती तर पी०२०१, म्हणजे एक नंबर इंजेक्टरच्या सर्किटचा कोड, सुद्धा आला असता. ही अधूनमधून टेकत असणार, म्हणून धक्के.

ए-१०१ वहिनी : रोज संध्याकाळी पार्किंगच्या बाकावर शेंगा कोण खातं, ते सगळ्यांना माहीत आहे. नाव घेत नाही.

बी-३०४ काका : घ्या की. शेंगा खाणं गुन्हा आहे काय?

ए-१०१ वहिनी : खाणं नाही काका. टरफलं.

बी-३०४ काका : पार्किंगमध्ये कबुतरांना ज्वारी कोण टाकतं, ते पण सगळ्यांना माहीत आहे.

सेक्रेटरी : पेस्ट कंट्रोलचा विषय पुढील सभेत घेऊ.

बी-१०२ : मागच्या दोन सभांपासून घेताय.

सी-२०३ : सर, नुसती टेप मारू का?

ए-४०२ सर : नको, इंजिनच्या उष्णतेनं डिंक सुटतो. तुकडा सोल्डर करून वर हीट श्रिंकची नळी चढवा. कोड पुसा, आठवडाभर चालवा. ४२० परत आला नाही तर कन्व्हर्टर वाचला समजा.

बी-३०४ काका : पुसायला बॅटरीची मायनस वायर काढली तरी चालतं.

वॉचमन : टँकर आला. सी-२०३ साहेब गाडी आडवी हाय.

सी-२०३ : इंजेक्टरची वायर सोडून ठेवलीये. ढकलायला दोघं या खाली.