आरडी ३५०: एचटीच्या इंजिनावर एलटीचा एकच ब्लॉक चालेल का?

सुटलेला_नट
माझी राजदूत ३५० (आपली आरडी), १९८४ची, म्हणजे एचटी, हाय टॉर्क. परवा चौथ्या गिअरमध्ये असताना डावं सिलिंडर जाम झालं. क्लच दाबला म्हणून आज टाईप करतोय. सिलिंडरचा ब्लॉक उघडला तर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, पोर्टच्या (धूर बाहेर जायच्या भोकाच्या) कडेला स्लीव्हचा (आतल्या लोखंडी नळीचा) टवका उडालेला. उजवा ब्लॉक मात्र आरशासारखा.

एक जण १९८७च्या एलटीचे, म्हणजे लो टॉर्कचे, दोन ब्लॉक द्यायला तयार आहे, ‘जोडी आहे’ म्हणतो. कोरडे बसवून बघितले, स्टड जुळतात, पॅकिंग जुळतं. फक्त डावीकडे एलटी टाकला आणि उजवीकडचा एचटी तसाच ठेवला तर? चांगला ब्लॉक काढून फडताळात ठेवायला जीव होत नाही.

धूरकरी
टाका बिनधास्त. निम्म्या आरड्या अशाच भेसळीच्या फिरतायत.

दोन_ठोके
फिरतायत, आणि डावं-उजवं वेगवेगळं खोकत फिरतायत. नटभाऊ, बसलं म्हणजे जमलं असं नाही. एचटी साडेतीस अश्वशक्तीची, एलटी सत्तावीसची. बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) दोन्हींचं तेच, ६४ बाय ५४ मिलिमीटर. म्हणूनच ब्लॉक निमूट बसतो आणि माणूस फसतो. आपल्या इंजिनात इनटेकला रीड (झडपेच्या पात्या) तरी आहेत, एक्झॉस्टला काहीच नाही. पोर्टची वरची कड कुठे कापली आहे, त्यावरच धूर कधी सुटणार ते ठरतं. कड वर असेल तर पोर्ट लवकर उघडतं, वरच्या आरपीएमला जोर येतो, खालचा जातो. एका क्रँकवर अशी दोन तऱ्हेची सिलिंडरं लावली की कार्ब्युरेटर कितीही सिंक करा, ट्यूनिंग लागत नाही.

पण मला वेगळाच प्रश्न पडलाय. डावंच का जाम झालं? आरडीत क्रँकचं उजवं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जातं, धूर होतो, शेजारीसुद्धा सांगतात. डावं सील अल्टरनेटरच्या बाजूला. ते गेलं तर इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि काहीही न दिसता पिस्टन भाजतो. दुसरा संशयित ऑइल पंप. त्यातून दोन्ही सिलिंडरांना वेगळी नळी जाते, एकीत हवा अडकली तर तेवढंच सिलिंडर कोरडं पडतं. यातलं काय झालं ते सापडेपर्यंत कुठलाही ब्लॉक चढवू नका, नाहीतर नवा ब्लॉकही त्याच वाटेने जाईल.

आणि ते ‘जोडी’ प्रकरण मोजून बघा. ब्लॉकच्या आत कागद दाबून धरायचा, पेन्सिल आडवी घासायची, पोर्टांचा ठसा उमटतो. वरच्या तोंडापासून एक्झॉस्टच्या कडेपर्यंत व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावा. ब्लॉकची पूर्ण उंचीही घ्या, कारण कुणी तोंड घासलेलं असलं तर पहिलं माप खोटं ठरतं.

सुटलेला_नट
काका, दोन संध्याकाळी यातच गेल्या.

सील: तुम्ही म्हणालात तेच. डाव्या सीलची कड नखाने दाबली तर दबत नाही, प्लास्टिकसारखी कडक. अल्टरनेटरच्या मागे ओलसर काळा थरही होता, तो मी दोन वर्षं जुनी घाण समजून पुसत होतो.

आता ‘जोडी’. दोन्हींची उंची सारखी, पण एकाची एक्झॉस्टची कड दुसऱ्यापेक्षा सव्वा मिलिमीटर वर. टॉर्च मारून पाहिलं तर कानशीचे ओरखडे अजून दिसतायत, कुणीतरी हाताने वाढवलंय. वर एक ब्लॉक स्टँडर्ड बोअरचा आणि दुसरा ०.५० ओव्हरसाईझचा (बोअर अर्धा मिलिमीटर वाढवलेला). म्हणजे एलटीला एलटीसुद्धा जुळत नाही.

दोन_ठोके
चाळीस वर्षांत एचटी-एलटी ही नावं फक्त कागदावर उरतात हो. परत करा ते. तुमच्याच डाव्या ब्लॉकला नवी स्लीव्ह टाका आणि पोर्ट उजव्याच्या कागदावरून कापून घ्या. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू देऊ नका. पिस्टनच्या मापाने बोअर करायचं असतं, उलटं नाही. उजव्याचं माप काय?

सुटलेला_नट
०.२५. सध्या तरी रेषही नाही.

दोन_ठोके
मग डावंही ०.२५ करा, उजव्याला नुसत्या रिंगा. दोन्ही सीलं बदला, एकटं डावं नको. बसवल्यावर पंपातली हवा काढा, आणि पहिली टाकी संपेपर्यंत पेट्रोलमध्येही थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) घाला, पंपावर भरवसा बसेपर्यंत.

धूरकरी
माझ्या गाडीचे ब्लॉकही मोजावे म्हणतोय. कागद कुठला चालेल, वहीचा?

दोन_ठोके
वहीचा चालेल. रेघा नसलेला घ्या.