चोवीस पाहुणे, अकरा मटणवाले, तेरा शाकाहारी: जेवण कसं बसवू?

वडगावची वहिनी

नमस्कार. आम्ही बेळगावात वडगावला राहतो. आमचे हे ३१ जानेवारीला शाळेतून निवृत्त होताहेत. ३४ वर्षं मराठी आणि भूगोल शिकवला. शाळेत निरोपाचा कार्यक्रम होईलच, पण जवळच्या माणसांना घरी बोलवून जेवायला घालायचं आम्ही दोघांनी ठरवलंय. फेब्रुवारीतला पहिला रविवार धरलाय, रात्रीचं जेवण. माणसं चोवीस.

खानापूरहून दीर-जाऊ मुलांना घेऊन येणार, कोल्हापूरहून ह्यांचे दोन भाचे बायकामुलांसह. ही सगळी तांबड्या-पांढऱ्याची माणसं. रविवारी एवढ्या लांबून येऊन आमटी-भातावर उठली तर तोंडानं काही बोलणार नाहीत, पण मनात राहील. इकडे ह्यांचे हेडमास्तर आणि आमचे शेजारी, दोन्ही घरं लिंगायत, अंडंसुद्धा न खाणारी. निपाणीकडचे एक जैन सर आणि त्यांच्या मिसेस. शिवाय ह्यांचे वीस वर्षांचे जिवलग मित्र मुसलमान आहेत. ते मटण खातात, पण हलालच.

शेजारीण म्हणते, "सगळं शाकाहारीच करा की, कशाला भानगड." मला ते पटत नाही. चौतीस वर्षांत ह्यांनी ज्यांच्या ज्यांच्या घरी पोटभर खाल्लं, त्यांना त्यांच्या आवडीचंच ताट मिळावं असं मला वाटतं.

भीती एकाच गोष्टीची आहे. नात्यात एका जावळाला गेले होते. वाढणाऱ्या पोरानं रश्श्यातला डाव तसाच उचलून वरणात घातला. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी ते पाहिलं. बोलल्या काही नाहीत. कालवलेला भात तसाच ठेवला, पाण्याचा पेला ताटात उपडा केला आणि "बरं वाटत नाही" म्हणून उठल्या. यजमानांना शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या घरी असं कुणाला उठावं लागू नये.

स्वयंपाकघर एकच, गॅसला तीन शेगड्या. मागं परडं आहे, तिथं पाणी तापवायची चूल आहे. मदतीला दोघी जणी मिळतील. कसं करू सांगा.

शहापूरची काकू

वहिनी, माझ्या सासूबाई माळकरी होत्या आणि सासऱ्यांना दर रविवारी मटण लागायचं. बत्तीस वर्षं मी एका घरात दोन्ही केलं, म्हणून सांगते.

तुमच्याकडं परडं आहे म्हणजे निम्मं काम झालंच. आमच्याकडं मटण कधी आतल्या चुलीवर चढलं नाही. परड्यात शिजायचं, परड्यातच भांडी घासली जायची, घासणीसुद्धा वेगळी, जांभळीच्या फांदीला टांगलेली. सासूबाई त्या रविवारी आत निवांत पोथी वाचत बसायच्या, कारण त्यांना माहीत असायचं की त्या बाजूचं काही उंबरा ओलांडून आत येत नाही. शाकाहारी माणूस पदार्थ किती आहेत ते नंतर बघतो. आधी त्याला ही खात्री हवी असते.

तर आतला सगळा शाकाहारी स्वयंपाक चार वाजेपर्यंत उरकून झाकून ठेवा. मटण परड्यातच. वाटण मात्र एकदाच करा. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस, आलं-लसूण, कोथिंबीर. रंगाला ब्याडगी मिरची, झणक्याला संकेश्वरी. सकाळी वाटलं की तिथंच त्याचे दोन भाग करून दोन डब्यांत भरा. एक डबा परड्यात जाईल आणि तो परत आत येणार नाही. मिक्सरचं भांडं मटणाला लावायची गरजच पडत नाही.

आतल्या डब्यातल्या वाटणाचा अख्खा मसूर करा, किंवा पावटे. फेब्रुवारीत ओले पावटे अजून मिळतात आणि त्या तांबड्या रश्श्यात असे मुरतात की तुमचे कोल्हापूरचे भाचेही दुसऱ्यांदा मागून घेतील. पांढरा रस्साही दोन्हीकडं करता येतो. मटणाच्या बाजूला अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, आत दुधीच्या शिजवलेल्या पाण्यात काजू-खसखशीची पेस्ट आणि नारळाचं दूध. दूध शेवटी घाला, खळखळून उकळी आली की फुटतं. हेडमास्तरांच्या बाजूला एण्णेगायी म्हणजे मसाल्याची भरली वांगी, शेंगा चटणी, दही आणि भाकरी असली की त्यांना आपल्याच घरी जेवल्यासारखं वाटेल.

डावांबद्दल. परड्यातल्या प्रत्येक डावाच्या दांड्याला लाल सुतळी गुंडाळा, दोन बोटं रुंद, घट्ट. वाढणाऱ्या पोराला काही समजावत बसावं लागत नाही, लाल दांडा आत आला की घरातलं शेंबडं पोरही ओरडतं. आणि मटण वाढणारा एकच माणूस ठेवा, त्यानं त्या रात्री दुसरं काही वाढायचं नाही.

पंगत मात्र वेगळी लावू नका. वीस वर्षांचे मित्र एकमेकांकडं पाठ करून जेवले तर निरोप कसला?

आणि केक आणणार असाल तर बिनअंड्याचा सांगून घ्या. सगळं जपून शेवटी केकवर अडकतं.

निपाणीकर

काकूंशी बाकी सगळं सहमत, पंगतीचं सोडून. आम्ही जैन. माझ्या आईला शेजारच्या ताटात हाड दिसलं की घास उतरत नाही, आणि ती कधी तसं सांगणार नाही. हेडमास्तरांना तुम्ही आधी फोन करून सरळ विचारा. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही, उलट बरं वाटतं.

तुमच्या जैन सरांचं रात्रीच्या जेवणात बसणारच नाही. आमच्यातले बरेच जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला बेळगावात सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो. सर सांगतील, "आम्ही जेवून येतो, त्रास घेऊ नका." ऐकू नका. त्यांना पाचला बोलवा, साडेपाचला पान वाढा, आणि तुमच्या ह्यांनी त्यांच्याबरोबर बसून दोन घास खावेत. परड्यातली चूल त्यानंतर पेटवा, म्हणजे वासाचाही प्रश्न नाही.

त्यांच्यासाठी वेगळं थोडंच लागतं, पण नीट लागतं. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, रताळं नको. ओलं आलं नको, सुंठ चालते. वाळलेली हळद चालते. शेंगदाणा जमिनीखाली येत असला तरी बहुतेक घरांत चालतो. वांगं पुष्कळ जण खात नाहीत, म्हणून एण्णेगायी त्यांच्या हिशेबात धरू नका. मुगाचं वरण, भेंडी, टोमॅटोचं सार, भाकरी, भात, वर गोडाला कुंदा. एवढं प्रेमानं वाढलं तर ते कायम आठवण काढतील.

हिंडलग्याचा आचारी

मापं सांगतो. मटण हाडासकट माणशी २०० ग्रॅम, अकरा जणांना सव्वादोन किलो, अडीच आणा. तांदूळ दोन किलो पुरे, कारण भाकरी आहे. भाकरी माणशी दोन, म्हणजे पन्नास. किलोभर पिठाच्या दहा-बारा होतात, साडेचार किलो ज्वारीचं पीठ धरा. घरी थापत बसू नका, करून देणाऱ्या बायकांना दोन दिवस आधी सांगा.

सगळ्यात महत्त्वाचं: शाकाहारी भाज्या तेरा माणसांच्या करू नका, चोवीसच्याच करा. मटण खाणारा पावटेही खातो, एण्णेगायीही खातो. मग हेडमास्तर उशिरा ताट घेतात तेव्हा पातेल्यात नुसता तवंग राहिलेला असतो. शाकाहारी माणसाला दुसरं काही घेता येत नाही.

हलालचं म्हणाल तर मटण त्या मित्रांच्याच ओळखीच्या दुकानातून घ्या आणि तसं त्यांना सांगा. रस्सा निखाऱ्यावर गरम राहू दे, उतरवून दोन तासांवर ठेवू नका. तारखेला एकादशी-संकष्टी नाही ना, तेही कॅलेंडरात बघा. आणि परड्यात दिवा आहे का? सातनंतर अंधारात मटण वाढता येत नाही.

वडगावची वहिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तीन फोन केले. हेडमास्तर म्हणाले, त्यांना स्वतःला काही वाटत नाही, पण मिसेसना शेजारी नको. म्हणून निपाणीकरांचं ऐकते: बसायचं सगळ्यांनी गच्चीवरच, पण मटणाचं टेबल जिन्याच्या बाजूला आणि ती ताटं त्याच टोकाला. जेवण झाल्यावर कुंद्याला सगळे एकत्र. जैन सर पाचला यायला तयार झाले. आधी तेच म्हणाले, "जेवून येतो." ह्यांनी फोन घेतला आणि सांगितलं, "मीही साडेपाचलाच जेवणार आहे." मग हो म्हणाले.

मित्र तर म्हणाले, मटण मीच सकाळी घेऊन येतो आणि चुलीपाशी मीच बसतो. म्हणजे लाल सुतळीचा डाव त्यांच्याच हातात.

कॅलेंडर बघितलं, रविवार मोकळा आहे. परड्यातला दिवा दिवाळीपासून बंद होता, तो ह्यांनी आज संध्याकाळीच बदलला.